नकाशावर ‘स्टोअर’, आत संसार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक बातमी हमखास असते: अमुक इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं, इतक्या गाड्या बुडाल्या. सोबत फोटो, त्यात गढूळ पाण्यावर एखाद्या गाडीचं नुसतं टप दिसतं. गाड्यांचा हिशेब होतो. त्या रात्री त्या तळघरात कोणी झोपलेलं होतं का, हे मात्र बातमीत कधी येत नाही. ते यावं यासाठी हे पत्र. ते लांबलं आहे याची कल्पना आहे, पण मधलं काही गाळण्यासारखं मला वाटत नाही.

मी पाचपाखाडीत राहतो, वय ६८. ३२ वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या पेनाने सुरुवात केली, अमोनिया प्रिंटच्या वासात दुपारचे डबे खाल्ले, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर काढली. मंजुरीला जाणारे शेकडो नकाशे माझ्या हातून गेले. दार कुठे ठेवायचं आणि जिना कुठे उतरवायचा, यावरच माझं घर चाललं.

आमची इमारत पुनर्विकासातली. खाली एक तळघर. त्यात गाड्या, पाण्याची टाकी आणि पंप. पंपरूमला लागून आठ बाय नऊची एक खोली आहे. मंजूर नकाशात तिच्यावर ‘स्टोअर’ लिहिलेलं आहे. त्या स्टोअरमध्ये आमचे दिवसपाळीचे वॉचमन, त्यांची बायको आणि सातवीत शिकणारी मुलगी राहत होती. मोखाड्याकडचं कुटुंब. सगळ्या सोसायटीला हे ठाऊक होतं. मलाही होतं. तळघरातून वर यायला दोन वाटा: एक गाड्यांचा रॅम्प, दुसरा लिफ्टशेजारचा जिना. खालून सायकली आणि गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जाऊ लागल्या तेव्हा कमिटीने ठरवलं, की जिन्याचं तळघरातलं दार रात्री ११ नंतर जिन्याच्या बाजूने कुलूप लावून बंद ठेवायचं, आणि किल्ली गेटवरच्या केबिनमध्ये. त्या ठरावावर माझी सही आहे.

गेल्या जुलैत एका रात्री पावसाने असा काही जोर धरला की थांबायचं नावच घेईना. वंदना डेपोकडे पाणी तुंबलं की आमच्या गल्लीत यायला त्याला फार वेळ लागत नाही. अडीचच्या सुमाराला रॅम्पच्या तोंडावरचा उंचवटा ओलांडून पाणी आत उतरू लागलं. पंपाचं पॅनेल खालीच, ते बंद पडलं, दिवे गेले. मुलीला जाग आली ती चादर पाठीला ओली लागली म्हणून. तिघं आधी जिन्याकडे धावली. दार बंद. हाका मारल्या, दार बडवलं. त्या पावसात गेटपर्यंत काय ऐकू जाणार? मग काळोखात, समोरून अंगावर येणाऱ्या पाण्यातून, भिंतीला धरून रॅम्प चढून ती बाहेर आली. पाण्याखाली कुठल्याशा गाडीच्या नंबरप्लेटने मुलीची पोटरी कापली, पाच टाके पडले. जीव वाचले, ते तिला वेळेवर जाग आली म्हणून.

पाणी उपसल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेलो. भिंतीवर गाळाची रेघ उमटली होती. सवयीने टेप लावली: साडेतीन फूट. खोलीला खिडकी नाही. बीमखाली वीतभर जाळी आहे, तिच्यातून पंपरूमची हवा येते. सातवीची पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर होती, कोरडी. त्याखालच्या फळीवर देवांच्या तसबिरी, काचेच्या आत पाणी शिरलेल्या. आणि कोपऱ्यात, चिखलात, पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर आडवा पडलेला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरत राहतो, आणि तळघरात त्याला बाहेर जायला वाटच नसते. म्हणून तर तळघरात गॅसवर स्वयंपाकाला मनाई आहे. इथे रोज दोन वेळा त्याच सिलिंडरवर भाकरी भाजली जात होती आणि वरच्या सात मजल्यांवर आम्ही निर्धास्त झोपत होतो.

त्या खोलीत उभा राहिलो आणि मला माझ्याच हाताने काढलेला एक जुना नकाशा आठवला. १९९४ सालचा. येऊरच्या पायथ्याकडच्या उतारावर एक छोटी इमारत होत होती. मागच्या बाजूने जमीन खाली उतरत गेलेली, त्यामुळे तळमजल्याखाली आयता एक अर्धा मजला निघत होता. मालकाला तिथे भाडेकरू ठेवायचे होते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. साहेब म्हणाले, ‘तिथे स्टोअर लिही.’ मी स्टेन्सिल ठेवून सुबक अक्षरात ‘स्टोअर’ लिहिलं. राहण्याची खोली असं लिहिलं असतं तर खिडकी किती चौरस फूट, उजेड कुठून येणार, संडास कुठे, बाहेर पडायची वाट किती रुंद, हे सगळं दाखवावं लागलं असतं. स्टोअरला यातलं काही लागत नाही. एक दार दाखवलं की संपलं. दोन-तीन वर्षांनी त्या बाजूला जाणं झालं, तर तिथे चार बिऱ्हाडं नांदत होती. चौघांची ये-जा एकाच बोळातून, आणि बोळाच्या तोंडाशी, मोकळी हवा म्हणून, दोघींनी शेगड्या मांडलेल्या. आग लागली असती तर ती पहिल्यांदा दारातच लागली असती. मी तिथे फार वेळ थांबलो नाही. कोणाला काही बोललोही नाही.

आता मी जे पाहिलं ते सांगतो. माझी मुलगी आणि जावई कॅनडात, टोरोंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात राहतात. २०२३ साली एप्रिल ते ऑक्टोबर आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेली माती फुगते आणि उथळ पायाला वर उचलते, म्हणून पाया सव्वा मीटरच्या आसपास तरी खोल न्यावाच लागतो. एवढं खोदलंच आहे तर आणखी थोडं खोदून तळघर करतात. त्यामुळे बहुतेक घरांना तळघर असतं, बरंचसं जमिनीत, वरच्या अंगाला बुटक्या खिडक्या. कर्जाच्या हप्त्याला हातभार म्हणून लोक ते भाड्याने देतात. ऑन्टारिओ प्रांताने २०११ च्या कायद्याने नगरपालिकांना अशा दुसऱ्या बिऱ्हाडाला आपल्या नियमांत जागा करून द्यायला लावली, आणि २०२२ च्या कायद्यानंतर बहुतेक शहरी निवासी भूखंडांवर एकूण तीन बिऱ्हाडांपर्यंत मुभा आहे. चोरून भाड्याने दिलेली तळघरं तिकडेही पुष्कळ. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलं एकेका तळघरात दाटीवाटीने राहताना मी पाहिली आहेत. त्यामुळे तिकडचे गोडवे गायला हे पत्र नाही.

जावयांना मात्र ते रीतसर करायचं होतं. अडचण होती दाराची. तळघराचा जिना स्वयंपाकघरातून उतरणारा. भाडेकरू रात्रपाळीहून आला की मुलीच्या ओट्यासमोरून जाणार. म्हणून तळघराला बाहेरून स्वतंत्र दार हवं. मला वाटलं, भिंत फोडायची, चौकट बसवायची, सात-आठ पायऱ्या बांधायच्या, पंधरा दिवसांचं काम. प्रत्यक्षात नुसत्या कागदावर दोन महिने गेले. ते दोन महिने मी त्या नकाशावरून नजर काढली नाही.

पहिला विचार घराच्या बाजूच्या पट्टीचा होता. पण तळघराच्या बिऱ्हाडाचं जे मुख्य दार, तिथपर्यंत १.२ मीटर रुंदीची मोकळी वाट लागते. जावयांची पट्टी जेमतेम तेवढीच. तिच्यात खाली उतरणारा जिना खोदला तर वाटच उरत नव्हती. नकाशा काढणाऱ्या बाईंनी मला समजावलं, की ही वाट भाडेकरूला पिशव्या घेऊन यायला नाही, स्ट्रेचर न्यायला आहे.

दार मागच्या अंगणात सरकलं. मग सेक्शन, म्हणजे जमिनीचा नि भिंतीचा उभा छेद, काढायची वेळ आली आणि खरी मेख तिथे कळली. दारासाठी बाहेरची जमीन खाली उतरवली, की घराच्या पायावरचं मातीचं पांघरूण गेलं. आधी तिथे पाच-सहा फूट माती होती, आता वीतभर. थंडी तेवढ्यातून खाली शिरणार, फुटिंगखालची, म्हणजे पायाच्या तळाखालची, माती गोठणार, फुगणार, भिंतीला तडे जाणार. म्हणून जिन्याच्या नव्या भिंती माती गोठत नाही इतक्या खोल न्यायच्या, आणि दारासमोरच्या फरशीखाली थर्माकोलसारख्या कडक फळ्या अंथरायच्या, म्हणजे थंडी अडते. खोदतानाही जुन्या फुटिंगच्या कडेपासून एक कलती रेघ धरायची आणि तिच्या खालच्या मातीला हात लावायचा नाही, नाहीतर घराचा कोपरा बसायचा. खोदण्याआधी कळवलं, तर माणसं येऊन अंगणातल्या गवतावर रंगाच्या रेघा मारून गेली: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. बत्तीस वर्षांत मी किती प्लॅन काढले, पण जमिनीखाली काय आहे हे जमिनीवर रेखलेलं पहिल्यांदा पाहिलं.

जिन्याच्या तळाशी पाणी जायला जाळी हवी. ती नकाशात दाखवायची राहिली होती, तर तेवढ्यासाठी अर्ज परत आला. तेव्हा मला तो खोडसाळपणा वाटला होता. ऑक्टोबरात ती जाळी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मेपलची पानं भिजून लगदा होतात आणि जाळीवर चामड्यासारखी चिकटतात. नखांनी सोलून काढावी लागतात. एक दिवस मी ते केलं नाही, आणि रात्रीच्या पावसात दाराच्या उंबऱ्याला चार बोटं पाणी लागलं. अर्ज का परत आला होता ते मला त्या पहाटे, बादली हातात घेऊन उभा असताना समजलं.

आणि खिडकी. तिकडे सुटकेच्या खिडकीचा नियम आहे: खिडकी अशी हवी की तिच्यातून माणूस निसटू शकेल. किल्ली न लागता, अवजार न लागता आतून उघडणारी. उघडल्यावर मोकळी जागा कमीत कमी ०.३५ चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरच्या खाली नाही. ३८० म्हणजे पंधरा इंच. मी लगेच हिशेब केला: रुंदी ३८० धरली तर उंची ९२२ तरी हवी. खिडकी जमिनीच्या पातळीखाली असेल तर तिच्यासमोरच्या खड्ड्यात ५५० मिलिमीटर मोकळं हवं, म्हणजे अंग वळवून वर येता येतं. जुनी खिडकी सरकती, पूर्ण उघडली तरी निम्मीच मोकळी. नातवाला म्हटलं, ‘निघ बघू बाहेर.’ नऊ वर्षांचं पोर खांद्यापाशी अडकलं. मग काँक्रीट कापून खिडकी मोठी केली. नव्या खिडकीतून मी, वयाच्या ६६ व्या वर्षी, स्टुलावर चढून स्वतः बाहेर आलो. कोपर खरचटलं, पण आलो. वर अंगणात उभा राहिलो तेव्हा मुलगी हसत होती, आणि मला हसू येत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाच्या मध्ये आग थोपवून धरणारं छत. धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले, खाली धूर झाला की वर मुलीच्या खोलीतही वाजणारे. घर गरम ठेवणारी भट्टी गॅसवर, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा. परवान्याचा कागद रस्त्यावरून दिसेल असा समोरच्या खिडकीत. आणि तपासनीस टप्प्याटप्प्याने येणार: काँक्रीट ओतण्याआधी, माती भरण्याआधी, भिंती झाकण्याआधी, शेवटी. झाकलं गेलं की कोणालाच दिसत नाही, म्हणून आधी.

या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसलं ते मात्र नकाशावरचं एक नाव. तळघरातल्या खोलीवर ठळक अक्षरात ‘बेडरूम’ लिहिलेलं होतं. तो एक शब्द लिहिला आणि मागोमाग सगळं लिहावं लागलं: खिडकीचं माप, भोंगा, छत, बाहेरची वाट, जाळी. आम्ही १९९४ साली जो शब्द टाळला तो हाच.

आता कोणी म्हणेल, मग ठाण्यातही तळघरात घरं काढायची परवानगी मागा. मी ते अजिबात मागत नाही. तिकडे शत्रू थंडी आहे, इथे पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. नवी मुंबईत वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरचा बराचसा सखल भाग खाडीच्या भरतीच्या भरवशावर आहे. भरती असली की पाणी साठवून धरणाऱ्या धारण तलावांची दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी ओहोटीची वाट बघत आत थांबतं. अशा जमिनीत, पातळीखाली, माणसाने झोपू नये. आपला नियमही तेच सांगतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तळघर आहे ते वाहनतळ, साठवण, यंत्रसामग्री अशा कामांसाठी, राहण्यासाठी नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत तर तळघराची वाट वरच्या मजल्यांच्या जिन्यापासून वेगळी ठेवावी असं आहे, आणि जिना सलग असलाच तर तो बंदिस्त करून तळघरापासून तोडावा असं. कारण धूर वर चढतो आणि तळघरातली आग वरच्या लोकांचा एकुलता एक जिना घेऊन जाते.

नियमात काही खोट नाही. पण ‘इथे कोणी राहत नाही’ असं एकदा कागदावर आलं की पुढे कोणी बघायला जात नाही. जे राहतच नाहीत त्यांच्यासाठी दुसरं दार कोण मागणार? त्यांना खिडकी कोण देणार? २७ जुलै २०२४ ला दिल्लीत, जुन्या राजेंद्रनगरमध्ये, तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं गेली. त्या तळघराला परवानगी साठवणीची आणि वाहनतळाची होती. तिथल्या नकाशावरही कोणीतरी माझ्यासारखंच सुबक अक्षर काढलं असेल.

खरं सांगायला गेलं तर माणसं खोटं लिहितात, कारण खरं लिहून परवानगी काढणं त्यांना झेपत नाही. हे फक्त तळघरांचं नाही. माझी बहीण नेरूळला जुन्या रो-हाऊसमध्ये राहते. तिच्या सासूबाई ८४ वर्षांच्या, तळमजल्यावर. वर मुलगा-सून. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून बाहेर यायला तळमजल्याला वेगळं दार आणि छोटा उतार, आणि वरच्यांसाठी बाहेरून जिना, एवढंच तिला हवं होतं. ती या टेबलावरून त्या टेबलावर पाच महिने फिरली. प्रत्येक वेळी एक कागद कमी. शेवटी एक मध्यस्थ म्हणाला, ‘ताई, परवानगीच्या नादाला कशाला लागता? शनिवार-रविवारात भिंत फोडून घ्या, सोमवारी रंग मारा.’ तिने तेच केलं. लोखंडी जिना मोकळ्या सोडायच्या जागेत उतरला आहे आणि शेजारच्या भिंतीशी आता दोन फुटांची फट उरली आहे. त्या फटीतून स्ट्रेचर जाणार नाही, हे मी तिला मोजून दाखवलं. ती म्हणाली, ‘दादा, हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही.’ खरंच आहे. सांगणारा माणूस परवानगीच्या वाटेवर भेटतो, आणि ती वाटच तिने सोडून दिली होती. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे अर्जावर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा, आणि २०२० च्या नियमावलीत छोट्या भूखंडांसाठी त्याहून सोपी पद्धत ठेवलेली आहे. ती साध्या घरमालकिणीला वापरता येईल, एका कागदावर, मराठीत, नमुना नकाशासकट, असं ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी करावं. दार, उतार, बाहेरचा जिना एवढ्याच कामांसाठी केलं तरी पुष्कळ होईल.

तळघरांबाबत माझं मागणं साधं आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायट्यांना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी फॉर्म’ द्यावा लागतो. त्या तपासणीत पंप, होज, आग विझवायचे सिलिंडर पाहतात. त्यात दोन गोष्टी आणखी पाहाव्यात: तळघराचं प्रत्येक दार रात्री आतून, किल्लीशिवाय उघडतं का, आणि तळघरात कोणी झोपतं का. चोरीची भीती असेल तर दाराला आतून दाबला की उघडणारा आडवा दांडा बसवता येतो, बाहेरून ते बंदच राहतं. सिनेमागृहांत आपण तो वर्षानुवर्षं पाहतो. आमच्या दाराला तो आता बसवला आहे. आमच्या कुलपापेक्षा तो महाग पडला, हे खरं.

पण एक गोष्ट कळवळून सांगतो. तपासणीचा अर्थ ‘हाकला त्यांना’ असा होऊ देऊ नका. या घटनेनंतर मी तक्रार करतो म्हटल्यावर आमचे वॉचमन हात जोडून म्हणाले, ‘काका, नका करू. आम्हाला काढतील. पोरीची शाळा इथे आहे.’ त्यांच्या पगारात ठाण्यात खोली मिळत नाही. कळव्यात नाही, दिव्यातही आता नाही. तळघर त्यांना आवडत होतं म्हणून ते तिथे राहत नव्हते. ते तिथे होते म्हणून रात्री पंप बिघडला की आम्हाला पाणी मिळत होतं.

सध्या ठाण्यात गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. सभासद कार्पेट एरियासाठी भांडतात, कॉर्पसचे, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या निधीचे, पैसे, दोन वर्षांचं भाडं, पार्किंगचा नंबर, सगळं करारात लिहून घेतात. घ्यावंच. आमच्याही बैठका पहाटे एकपर्यंत चालत. पण वॉचमन झोपणार कुठे, हा प्रश्न त्या बैठकांत कोणी विचारला नाही, आणि मी ड्राफ्ट्समन असून विचारला नाही. जिथे अजून करार व्हायचे आहेत तिथल्या सभासदांना माझी विनंती आहे: बिल्डरच्या नकाशात तळघरातल्या प्रत्येक ‘स्टोअर’वर बोट ठेवा आणि विचारा, इथे कोण राहणार आहे? आणि जमिनीच्या वर, दोन वाटा आणि एक खिडकी असलेली खोली आधीच काढून घ्या. नंतर ती निघत नाही.

आमच्याकडे ती नंतरच काढावी लागते आहे. ते कुटुंब सध्या सोसायटीच्या ऑफिसात राहतं, तळमजल्यावर, मीटरच्या खोलीपलीकडे. येत्या रविवारी विशेष सभा आहे. ऑफिस गच्चीखालच्या खोलीत हलवावं आणि ही जागा कायमची त्यांना द्यावी, आणि वापरातला बदल रीतसर मंजुरीला पाठवावा, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध होईल, दोघा-तिघांनी आधीच सांगितलं आहे. नकाशा मी काढून ठेवला आहे, कॉम्प्युटरवर नाही, हाताने. दहा बाय अकराची खोली, गल्लीकडे तीन बाय चारची खिडकी, एक दार लॉबीत, एक थेट अंगणात, रस्त्यापासून त्या दारापर्यंत मोकळी वाट दाखवली आहे. खोलीवर लिहिलं आहे: ‘वॉचमन निवास, ३ माणसं.’

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)